भुंग्यांना आवतण

मी पोटापाण्यासाठी भुंग्यांचे वास बनवते. हे वाक्य मी लग्नांत, बारशांत आणि बँकेत खातं उघडताना इतक्यांदा उच्चारलंय की समोरच्याचा चेहरा पुढे कसा बदलणार ते मला पाठ झालंय. आधी भुवया वर जातात, मग माणूस नकळत अर्धं पाऊल मागे सरकतो, आणि हमखास विचारतो, "म्हणजे परफ्यूम?" हो, परफ्यूमच. फक्त गिऱ्हाईकाला सहा पाय असतात.

भुंगे बोलत नाहीत. त्यांचा सगळा संसार वासावर चालतो. कुणाला जोडीदार हवा असतो, कुणाला जेवण सापडलेलं असतं, की लगेच अंगातून वास सुटतो. आम्ही प्रयोगशाळेत तोच वास काचेच्या भांड्यांत बनवतो, इवल्याशा पुडीत भरतो आणि शेतकऱ्यांना देतो. पुडी सापळ्यात टांगली की भुंगा "आलो आलो" करत येतो आणि बादलीतल्या पाण्यात पडतो. हैदराबाद शहराबाहेर आमची छोटी कंपनी आहे, आणि तिथे मी वर्षानुवर्षं हा फसवणुकीचा धंदा अत्यंत आनंदाने करते आहे.

एकच अडचण. नारळाच्या गेंडा भुंग्याचा वास ज्या आम्लापासून करतात, त्याला बोकडाचा वास येतो. थेट बोकडाचा. हातमोजे घाला, कोट घाला, घरी येऊन दोनदा अंघोळ करा, ओढणीच्या टोकाला तो चिकटलेला असतोच. माझं माहेर पुण्याचं. लग्न होऊन विद्यानगरातल्या या शुद्ध शाकाहारी घरात आले, आणि सासूबाईंनी महिनाभर काही न बोलता माझ्या ओढण्या हुंगल्या. शेवटी एक दिवस कणीक मळता मळता म्हणाल्या, "खाल्लीस तर खाल्लीस गं, पण सांगून खात जा. बिर्याणीच आहे, विष थोडीच आहे?" मी हसून हसून ओट्याला टेकले. मग त्यांना ते आम्ल एका बाटलीत आणून दाखवलं. त्यांनी वास घेतला, पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "ह्यापेक्षा बिर्याणी बरी."

सासऱ्यांना मी मामा म्हणते, इकडच्या मराठी घरांत तीच रीत. मामांचे वडील हैदराबाद संस्थानाच्या काळात उदगीरकडून नोकरीसाठी इथे आले, मामा वीजखात्यात चिकटले आणि निवृत्त झाले. त्यांचा एक स्वभाव सांगितला की मामा सगळे कळतात. चांगली गोष्ट एकट्याने भोगणं त्यांना जमत नाही. गौलीगुड्याच्या बाजारात कुठे चांगली ज्वारी दिसली की ते आधी विकत घेत नाहीत, दुकानाच्या पायरीवर उभे राहून फोन लावतात. "हौ, एकदम मोत्यावानी आहे. मी उभाच आहे इथं, ये लौकर. अन् तुझ्या साडूलाबी आण." दुकानदार बिचारा तराजू धरून ताटकळतो. घरी ज्वारी येते ती सर्वात शेवटी, उरलेली.

तर अशा माणसाच्या घरी रोज संध्याकाळी बैठक भरणार हे ओघानेच आलं. अंगणात कुंपणाच्या भिंतीपाशी नारळाचे दोन जाडजूड ओंडके आडवे पडलेले होते. कधीकाळी ती उभी झाडं होती, एकामागून एक वाळली, आणि मामांनी ती कापून तिथेच बसायला ठेवली. त्यांवर गौलीगुड्यातले भांड्यांचे दुकानदार काका बसायचे, चिक्कडपल्लीहून येणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाई बसायच्या, आणि नुकताच पुण्याहून बदलून आलेला आयटीतला एक मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचा. बाकीचे येऊन-जाऊन. चहा, चिवडा, आणि मराठी, दखनी, तेलुगू यांची अशी काही भेळ की माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तासभर नुसती हसत मान डोलवत होती.

तिसरा नारळ मात्र उभा होता. आणि त्याच्यावर सगळ्या घराचा भार होता.

झालं होतं असं. आमच्या गल्लीतली सगळी जुनी घरं पाडून तिथे उंच इमारती झाल्या. मधोमध आमचं एवढंसं बैठं घर. मोठे दीर पुण्यात असतात. ते दर रविवारी फोन करून घर बिल्डरला द्यायचा विषय काढायचे. लिफ्ट, पार्किंग, दोन फ्लॅट, सगळं व्यवस्थित पटवून द्यायचे. एकदा मामा वैतागले आणि म्हणाले, "ते झाड उभं आहे तवर नाही. झाड पडलं की सही करतो, जा." भाऊजी म्हणाले, "शब्द?" मामा म्हणाले, "शब्द." आणि मामांचा शब्द म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून भाऊजी फोनवर तब्येतीआधी झाडाची चौकशी करायचे.

मग एका संध्याकाळी, ऐन दिवेलागणीला, चहाच्या ट्रेमध्ये धप्पकन काहीतरी पडलं. काळंभोर, चकचकीत, नाकावर शिंग. शिक्षिकाबाई किंचाळल्या, सासूबाईंनी झारा उगारला, आयटीच्या मुलाने लॅपटॉप छातीशी धरला. मी मात्र टाळ्या पिटल्या. गेंडा भुंगा! इतकी वर्षं ज्याच्यासाठी मी बोकडाच्या वासात बुडाले ते माझं गिऱ्हाईक आपण होऊन घरी चहाला आलं होतं. मी त्याला बशीत उचलून सगळ्यांना दाखवत फिरले. आणि फिरता फिरता सहज वर पाहिलं.

नारळाच्या नव्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसत होत्या. मी बशी खाली ठेवली.

"मामा," मी म्हटलं, "हा आपलं झाड खातोय."

मग सगळ्यांना समजावून सांगावं लागलं. हा शेंड्यात शिरतो, न उघडलेला कोवळा कोंब पोखरतो आणि रस पितो. कोंब मिटलेला असताना केलेलं भोक झावळी उघडली की असं कापल्यासारखं दिसतं. आतला गाभाच खाल्ला तर झाड मरतं.

"आणि हा नर आहे," मी म्हटलं. "जेवण सापडलं की हा अंगातून वास सोडतो. तो वाऱ्यावर जातो, आणि दूरदूरचे भुंगे येतात. माद्या येतात, दुसरे नरही येतात."

"नर कायकू येतात?" भांडीवाल्या काकांनी विचारलं.

"जेवायला."

मामांनी बशी जवळ ओढून भुंग्याला निरखलं. "म्हणजे ह्यानं एकट्यानं खाल्लं नाही. लोकांना बोलावलं."

"मामा, तो तुमचं झाड खातोय!"

"हौ, ते आहेच. पण स्वभाव चांगला आहे."

शिक्षिकाबाईंना शास्त्र हवं होतं. वास नेमका निघतो कुठून, त्यांनी विचारलं. माझ्या हातात असा श्रोता सापडला की मला आवरणं कठीण. मी सांगितलं, ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. पिठातला तांबडा भुंगेरा आहे ना, त्यातल्या नराच्या पुढच्या मांड्यांवर केसाळ ठिपका असतो, वास तिथून येतो म्हणतात. हुमणीच्या भुंगेऱ्याची मादी संध्याकाळी फांदीवर बसते, मागचा भाग वर उचलते आणि तिथली ग्रंथी बाहेर काढून वास सोडते. काही भुंगेरे झाडाची साल पोखरतात, झाडाचाच चीक पोटात मुरवतात, त्याचा वास करतात आणि विष्ठेबरोबर बाहेर टाकतात. आणि घेणारा तो वास नाकाने नाही, मिशांनी घेतो. गेंडा भुंग्याच्या मिशीच्या टोकाला बारीक पाकळ्या असतात, त्या पंख्यासारख्या उघडतात. एवढं सांगेपर्यंत शिक्षिकाबाईंनी चिवड्याची बशी खाली ठेवली होती, आणि काका स्वतःच्या मांड्यांकडे संशयाने बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीतून सापळ्याची बादली आणि वासाच्या पुड्यांचं पाकीट आणलं. मला गोदावरीकडच्या नारळबागांमध्ये कामासाठी निघायचं होतं, म्हणून मामांना दारातच सांगितलं, "एकच पुडी लावायची. आणि बादली लांब टांगायची. गल्लीच्या टोकाला मोकळा प्लॉट आहे, तिथे बांबू रोवून." मामा "हौ, हौ" म्हणाले. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. लांब का, ते सांगायचं राहून गेलं.

बागांमध्ये माझे दिवस मजेत गेले. परतले ती ऐन संध्याकाळी, आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकले. आमच्या अंगणात जत्रा भरली होती. नेहमीची बैठक होतीच, शिवाय समोरच्या इमारतीतली तेलुगू कुटुंबं होती, कुणाचे पाहुणे होते, कडेवर मुलं होती. सगळ्यांच्या माना वर. नारळाच्या खोडाला बादली बांधलेली, आणि तिच्याभोवती पाकिटातल्या सगळ्याच्या सगळ्या पुड्या दोऱ्यात ओवून तोरणासारख्या लावलेल्या. तिन्ही बाजूंनी घर्र घर्र करत भुंगे येत होते. कुणी बादलीत पडत होता, कुणी खोडावर आपटत होता. प्रत्येक आपटण्याला टाळ्या!

"आलीस?" मामा गर्दीतून ओरडले. आनंदाने त्यांचा चेहरा फुलला होता. "बघ की! बादली रोज भरूलाली! तुझी पुडी एकदम किराक आहे! सगळ्यांना फोन करून बोलावलं मी, म्हणलं या, बघा आमच्या सुनेची कमाल!"

माझं डोकंच फिरलं. बॅग तशीच टाकून मी ओरडले, "झाडाला का बांधलंत?"

"मग कुठं बांधायचं? पेशंट इथं, अन् दवाखाना गल्लीच्या टोकाला?"

"मामा, हा दवाखाना नाही, हे आवतण आहे! अख्ख्या विद्यानगरातल्या भुंग्यांना तुम्ही झाडाचा पत्ता दिलात. बादलीत पडतात ते थोडे. बाकीचे कुठे गेले असतील? वर पंगतीला बसलेत!"

टाळ्या थांबल्या. लोक गुपचूप पांगले. मामांनी बादलीत वाकून बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मीच बोलावलं त्यांना?"

माझा राग असा येतो आणि असा जातो. तो गेला, आणि जागी इतकं वाईट वाटलं की काय करावं कळेना. मी खुर्चीवर चढून पुड्या सोडवायला लागले. मामा खालून म्हणाले, "बिल्डरच्या फ्लॅटात, सातव्या मजल्यावर संध्याकाळी कोण येतं गं? खाली वॉचमन नाव विचारतो. लिफ्ट बंद असते. माणूस एकदा येतो, दुसऱ्यांदा येतो, मग म्हणतो जाऊ दे." झाडाच्या नावाखाली मामांनी इतके दिवस काय धरून ठेवलं होतं, ते त्यांनीच असं सांगून टाकलं.

त्या रविवारी भाऊजींचा फोन आला तेव्हा मामांनी काहीही लपवलं नाही. "झाड आजारी आहे. माझीच चूक. शब्द लक्षात आहे माझ्या," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मी कंबर कसली. बादली गल्लीच्या टोकाला गेली, एका पुडीसह. नारळ उतरवणाऱ्याला बोलावून शेंड्यातले भुंगे तारेच्या आकड्याने बाहेर काढवले, पानांच्या बेचक्यांत निंबोळीची पेंड आणि वाळू भरवली. तरी दर संध्याकाळी अंगणात दोन-चार भुंगे हजरच. मी चक्रावले. लांबून येणारे बादलीकडे जायला हवेत. मग हे येतात कुठून? शेजाऱ्यांच्या कुंड्या उकरल्या, देवळामागचा निर्माल्याचा खड्डा उकरला. काही नाही.

शोध लावला तो भांडीवाल्या काकांच्या बैठकीने, म्हणजे अगदी शब्दशः. ते नेहमीच्या जागी ओंडक्यावर बसले होते. बोलता बोलता गप्प झाले. चेहऱ्यावर विलक्षण भाव. "माझ्या खाली," ते म्हणाले, "काहीतरी चाललंय."

सगळे उठले. ओंडक्याच्या सालीतून, काका जिथे बसले होते बरोबर तिथून, एक शिंग बाहेर आलं. मागून एक डोकं. मग अख्खा गेंडा भुंगा बाहेर आला, अंग झाडलं, आणि आमच्या सर्वांच्या देखत त्या तिसऱ्या नारळाकडे उडाला.

मी कपाळावर हात मारून घेतला आणि मग हसत सुटले, पोट धरधरून. कुजलेल्या नारळाच्या खोडात गेंडा भुंगा अंडी घालतो, हे मी दर महिन्याला शेतकऱ्यांना सांगते! वर आमची बैठक भुंग्यांचा बंदोबस्त कसा करावा यावर चर्चा करत होती, आणि खाली भुंग्यांचं बाळंतपण चाललं होतं. मामांनी मला हसताना बघितलं आणि तेही हसायला लागले, कितीतरी दिवसांनी.

मग ते ओंडक्यांकडे वळले. त्या ओंडक्यांवर त्यांची सगळी संध्याकाळ बसत होती. त्यांनी एका ओंडक्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "फोडा."

काय धमाल ती! काकांनी दुकानातून घमेली आणली, आयटीच्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा कुऱ्हाड धरली, शिक्षिकाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या आणि दानपेटीत नाणं टाकावं तशी प्रत्येक अळी घमेल्यात टाकत गेल्या. अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वळवळणाऱ्या अळ्या, तपकिरी डोक्यांच्या. समोरच्या गच्चीवरच्या कोंबड्यांनी त्या दिवशी दिवाळी केली. ओंडक्यांचा चुरा जाळून टाकला, आणि अंगण मोकळं मोकळं झालं.

दुसऱ्या संध्याकाळी सगळे आले आणि उभे राहिले. चहा उभ्यानेच प्याले, लवकर गेले. मामा रिकाम्या भिंतीकडे बघत बसले. मला धास्ती वाटली, आता बैठक मोडणार.

तिसऱ्या दिवशी काका स्कूटरवर पुढे प्लास्टिकची खुर्ची धरून आले. शिक्षिकाबाईंच्या हातात वेताचा बुटका मोडा होता, तो त्यांनी चिक्कडपल्लीहून बसमधून आणला होता आणि वाटेत त्यावर बसूनही घेतलं होतं. आयटीच्या मुलाने तर कमाल केली. घरून काम करायला घेतलेली त्याची फिरती खुर्ची तो गल्लीतून ढकलत, गडगडवत घेऊन आला, मागे कुत्री भुंकतायत. त्या खुर्चीवर बसायला रोज भांडणं व्हायला लागली. सासूबाई एकदा तिच्यावर बसून दोन गिरक्या घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "हौला कारभार आहे, नुसता वेडेपणा, पण बरं वाटतं."

झाडाचं मात्र कळत नव्हतं. पुढची झावळी उघडली ती कापलेली. मामांनी भाऊजींना फोन करून तसंच सांगितलं, ओंडके फोडल्याचंही सांगितलं. मी सांगत होते, ही जुनी जखम आहे, पुढचा कोंब बघू. मामा म्हणाले, "पुढचाबी असाच निघाला तर मी सही करणार." त्यानंतरचे दिवस आम्ही सगळ्यांनी मान वर करून काढले. बैठकीत कुणी बोलत असलं तरी डोळे शेंड्यावर.

शेवटी तो कोंब सुटायला लागला. आधी वरचं टोक, मग एकेक पातं. रविवारची सकाळ होती. ऊन पडलं, वारा आला, आणि झावळी पूर्ण उघडली. अखंड. हिरवीगार, एकही पातं तुटलेलं नाही. मी अंगणात नाचले, खरंच नाचले, समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले.

मामांनी फोन स्पीकरवर टाकला. "झाड जगलं रे."

आता लिफ्ट आणि पार्किंग सुरू होणार म्हणून मी कंबरेवर हात ठेवून तयारच होते.

"बाबा," भाऊजी म्हणाले, "ते ओंडके फोडले म्हणाला होतात. मग आता बसता कुठं सगळे?"

इतक्या वर्षांत भाऊजींनी बैठकीबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मामांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि स्वतः भिंतीकडे वळले.

"भाऊजी, ज्याची त्याची खुर्ची आणतात लोक," मी म्हटलं. "तुम्ही आलात तर तुम्हालाही आणावी लागेल."

"पुण्याहून?"

"पुण्याहून."

ते हसले, आणि हसता हसता त्यांनी नाक ओढलं.

पुढच्या शनिवारी भाऊजी आले. रिक्षातून उतरले तेव्हा एका हातात बॅग होती आणि काखेत घडीची खुर्ची. मामांनी ती त्यांच्याकडून घेतली, स्वतः उघडली, हलवून पाय भक्कम आहेत ना ते बघितलं, आणि डोक्यात नारळ पडू नये म्हणून झाडापासून जरा बाजूला सरकवून मांडली.